पियानो चालू आहे

मार्शल तुस्कानो गाता गाता मध्येच गप्प झाले तर कुणी बोलायचं नाही, असा आमच्या बसचा नियम आहे. नियम त्यांनीच केलेला आणि पाळायला लावणारेही तेच. कंपनीची बस पहाटे अजमानहून निघते. सहाच्या सुमाराला दुबईत रास अल खोरची गोदामं लागली की मार्शलभाई मनगटावरचं घड्याळ बघतात, घसा खाकरतात आणि फ्रेंच भाषेत गायला लागतात. दोन ओळी गातात आणि थांबतात. बसमध्ये कुणी नवखा असला तर त्याला वाटतं, संपलं. तो बिचारा “वा, क्या बात है” म्हणतो. तोच मार्शलभाईंचं बोट वर जातं.

“श्श! पियानो चालू आहे.”

बसमध्ये पियानो नसतो. एसीची घरघर असते आणि मागच्या सीटवर घोरणारे दोन फिटर असतात. मार्शलभाई डोळे मिटून, अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत, तो नसलेला पियानो पूर्ण ऐकून घेतात. मग पुढची ओळ. असं चार मिनिटं दहा सेकंद. आम्ही मोबाईलवर मोजलंय. रोज चार मिनिटं दहा सेकंदच.

मी नितीन सावंत, मूळचा कुडाळचा. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आमची लाँड्री आहे. मोठमोठ्या हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे आमच्याकडे धुतले जातात. कुठला ट्रक कुठल्या हॉटेलला कधी जायचा ते मी बघतो. मार्शलभाई इस्त्री विभागाचे सुपरवायझर, वसईचे, पन्नाशी ओलांडलेले, अंगानं किरकोळ. त्यांच्याही कपड्यांना अशी इस्त्री असते की शेजारी बसलं की आपणच चुरगळल्यासारखं वाटतं. अठरा वर्षं झाली त्यांना इथे. या अठरा वर्षांत त्यांनी कुठलीही वस्तू घडी न घालता ठेवलेली कुणी पाहिलेली नाही. पराठ्याचा कागदसुद्धा चार कोपरे जुळवून कचऱ्यात टाकतात.

वेळ सांगायचीही त्यांची स्वतःची पद्धत. मिनिटं वगैरे नाही. “मार्शलभाई, चादरी किती वेळात होतील?” असं विचारलं की उत्तर येतं, “तीन गाणी.” म्हणजे साडेबारा मिनिटं. हे आता सगळ्या लाँड्रीत रुजलंय. आमचा पेशावरचा ड्रायव्हर रस्त्यावरून फोन करून मला सांगतो, “सावंतभाई, ट्रैफिक बहुत है, दस गाना लगेगा.” आणि मी, अकाउंट्सची पदवी घेतलेला माणूस, चार मिनिटं दहा सेकंदांना दहानं गुणून हॉटेलवाल्याला वेळ कळवतो.

गाणं म्हणाल तर शंभर-सव्वाशे वर्षांहून जुनं. कुणा फ्रेंच कवीची कविता आणि कुणा संगीतकारानं तिला लावलेली चाल, एक आवाज आणि एक पियानो, बस. वसईला कॉन्व्हेंटमध्ये एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या, त्यांनी मार्शलभाईंना तरुणपणी शिकवलेलं. शब्द देवनागरीत लिहिलेली वही त्यांच्या डब्याच्या पिशवीत असते. प्रत्येक ओळीपुढे लाल पेनानं पियानोचे आकडे मांडलेले. मी एकदा म्हटलं, “मार्शलभाई, साथीदार इतका वेळ वाजवतो मध्ये, तो भाग सोडून द्या ना. लवकर आटपेल.”

ते असे बघायला लागले की जणू मी चादर जमिनीवर टाकून तुडवली.

“साथीदार? अरे सेक्रेटरी, तबला आहे का हा? या गाण्यात एक बोलतो, दुसरा ऐकतो. मग दुसरा बोलतो, पहिल्यानं ऐकायचं. नवरा-बायको असतात तसं.”

“पण यात पियानोच जास्त बोलतो.”

“मग? तुझं लग्न नाही झालं का?”

कवितेचा अर्थ त्यांना कित्येक वर्षं माहीत नव्हता. सिस्टर म्हणाल्या होत्या, लग्न झाल्यावर सांगेन. लग्नाआधीच सिस्टर वारल्या. शेवटी इथे एका हॉटेलच्या मागच्या दारी, जिथे आमच्या ट्रॉल्या उतरतात, तिथे केक करणारा एक फ्रेंच शेफ सिगारेट ओढत उभा होता. मार्शलभाईंनी त्याला धरून अख्खं गाणं ऐकवलं, पियानोसाठी थांबत-थांबत. शेफनं विचारलं, हे कुठलं फ्रेंच? मार्शलभाई म्हणाले, “वसई.” मग त्या भल्या माणसानं वहीतले शब्द त्यांच्याकडून चार-चारदा वाचून घेतले आणि अर्थ सांगितला. एक माणूस लांबून घरी यायला निघालाय आणि खिडकीतल्या बाईला सांगतोय की दिवा एवढ्यात विझवू नकोस, मी रस्त्यात आहे. त्या दिवशी मार्शलभाई परतीच्या बसमध्ये वही मांडीवर उघडी ठेवून बसले. आम्ही मात्र आठवडाभर हसलो. सव्वाशे वर्षांची कविता आणि म्हणणं काय, तर ट्रॅफिक आहे, उशीर होईल!

हा विनोद माझा. असे विनोद मीच करतो. अजमानच्या आमच्या मराठी मंडळाचा मी सांस्कृतिक सेक्रेटरी आहे, म्हणून मार्शलभाई मला नावानं न बोलावता सेक्रेटरी म्हणतात. सूत्रसंचालन माझ्याकडे असतं. चारचौघांना हसवलं की मला पोटभर जेवल्यासारखं वाटतं. हे सगळं मी इतकं रंगवून सांगतोय, कारण पुढचं सांगायला मला लाज वाटते आणि ते जितकं लांबेल तितकं बरं, असं आत कुठेतरी चाललंय. पण सांगायला हवं.

संक्रांतीच्या कार्यक्रमाआधी एकदा मार्शलभाई बसमध्ये आपली जागा सोडून माझ्या शेजारी येऊन बसले. असं ते कधी करत नाहीत.

“सेक्रेटरी, तुमच्या प्रोग्रॅममध्ये मला एक गाणं देशील?”

“हेच?”

“मला दुसरं कुठे येतं! ऐक ना. तुमचा प्रोग्रॅम लाइव्ह जातो ना मोबाईलवर? त्या रविवारी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. वसईला सिल्व्हर ज्युबिली म्हणजे मांडव असतो, माहितीय ना तुला. पण सीझन आहे, लीव्ह नाही मिळाली. रोझी, माझी मिसेस, पियानो वाजवते. सिस्टरनं आम्हा दोघांना हे एकत्र शिकवलं होतं. ती तिकडे मोबाईल समोर ठेवून बसेल आणि मी गाईन तसं वाजवेल. मला इकडे ऐकू येणार नाही, पण तिला दोन्ही येईल. फोनवर जमत नाही रे. आवाज मागेपुढे होतो. आणि रेकॉर्डिंग पाठवलं तर ती वाजवत नाही. म्हणते, मेलेल्या माणसाबरोबर वाजवल्यासारखं वाटतं.”

“मग द्या की गाणं. त्यात काय!”

“फक्त मी थांबलो की कुणी बोलायचं नाही. टाळ्या नाहीत, म्युझिक नाही. नाहीतर तिला माझा सूर कळणार नाही. चार मिनिटं शांत. प्रॉमिस?”

“प्रॉमिस, मार्शलभाई. टेन्शन नको.”

मी हे सगळं ऐकलं होतं. मोबाईलमध्ये बघत होतो, पण ऐकलं होतं. नंतर मी बायकोला म्हणालो की मला नीट कळलंच नव्हतं. ते खोटं होतं.

कार्यक्रम एका इंडियन शाळेच्या हॉलमध्ये होता. साडेतीनशे माणसं, तिळगूळ, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेली बाळं. आणि त्या दिवशी माझं काही केल्या जमेना. पहिला विनोद पडला. दुसराही पडला. पुढच्या रांगेतल्या बायका आपापसांत बोलत होत्या. पुढचं नाव मार्शलभाईंचं होतं. विंगेत कीबोर्डवाला प्रसाद बसला होता. मी जाता जाता त्याच्या कानात म्हणालो, “हे थांबले की ढोलकी टाक. लावणीची. धमाल येईल.”

मार्शलभाई स्टेजवर आले. ग्रे सूट घातला होता, लग्नातलाच असावा. छातीशी पांढरा रुमाल त्रिकोणी घडीचा. समोरच्या मोबाईलकडे बघून त्यांनी मान किंचित झुकवली. लोकांना वाटलं, आपल्याला नमस्कार केला. मग गायला लागले. आवाज चांगला आहे त्यांचा, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. हॉल गप्प झाला होता. खरंच गप्प झाला होता. दोन ओळी संपल्या, ते थांबले, आणि अंगठा पेरांवरून सरकायला लागला.

ढोलकी सुरू झाली.

आधी एक जण हसला, मग सगळा हॉल. मागून शिट्टी आली. मी माइक घेऊन पुढे सरसावलो आणि म्हणालो, “पॅरिसमार्गे नारायणगाव!” संध्याकाळभरात मला मिळालेला पहिला हशा तो. इतका मोठा हशा मला आयुष्यात मिळालेला नाही.

मार्शलभाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. तोंड लाल झालं होतं. ते निघून जातील असं मला वाटलं. ते गेले नाहीत. अंगठा तसाच चालू होता. आणि ढोलकी चालू असताना, लोक हसत असताना, त्यांनी पुढची ओळ उचलली. पुन्हा थांबले, पुन्हा ढोलकी, पुन्हा हशा. प्रसादलाच शेवटी कसंतरी झालं असावं, तिसऱ्या वेळी त्यानं हात आवरले. गाणं संपल्यावर मार्शलभाईंनी पुन्हा त्या मोबाईलला मान झुकवली आणि विंगेतून सरळ बाहेर गेले.

गाडीत बसल्यावर माझी बायको शीतल म्हणाली, “तो माणूस मोजत होता रे.” मी म्हटलं, गंमत केली गं, चालतं. तिनं तोंड फिरवलं. मला रात्रीचं जेवण गेलं नाही, आणि हसवल्यानंतर असं पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी मी बस चुकवून टॅक्सीनं गेलो. साठेक किलोमीटर जायला टॅक्सी करणारा माणूस आमच्या कंपनीत मॅनेजरसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी बसमध्ये बसावंच लागलं. रास अल खोर आलं. मार्शलभाईंनी घड्याळ बघितलं आणि डोळे मिटले. गायले नाहीत. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी माफीची वाक्यं जुळवत होतो, एकही तोंडातून निघेना. माइक हातात असला की मी दोन तास बोलू शकतो.

मार्च महिन्यात मला रजा मिळाली. गावी कुणी निघालं की त्याच्याकडे पार्सल द्यायचं, ही इथली रीतच आहे. मी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी बातमी फुटलीच. मार्शलभाई पार्सल घेऊन माझ्या टेबलाशी आले. आमचं पार्सल म्हणजे खाकी टेपनं गुंडाळलेला गठ्ठा असतो. यांचं पांढऱ्या कापडात शिवलेलं, कोपरे असे की हॉटेलचा बिछाना. “सव्वादोन किलो आहे. बदाम, दुधाची पावडर आणि बाम. रोझीची बोटं दुखतात. वसईला देशील ना?”

“देतो, मार्शलभाई.”

“आणि एक. ती प्रोग्रॅमचं विचारेल. छान झाला म्हणून सांग. लोक शांत बसले होते म्हण. त्या दिवशी तिकडे तिचं नेट गेलं, बिचारीला काही दिसलंच नाही. मीही तिला छानच झाला म्हणून सांगितलंय. सांभाळून घे हां.”

मी मान हलवली. मला चार शिव्या घालायच्या ऐवजी हा माणूस मलाच सांभाळून घे म्हणत होता.

वसईला त्यांचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत, केळीच्या बागेला लागून. दार उघडंच होतं. “रोझीताई आहेत का?” म्हणून मी हाक मारली. रोझीताई बाहेर आल्या. ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, बोटांचे सांधे सुजलेले. मला त्यांनी बसवलं, पाणी दिलं, वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी पुढे ठेवली. भिंतीशी जुना पियानो होता. त्यावर काही शोभेचं ठेवलेलं नव्हतं, म्हणजे रोजच्या वापरातला.

“रोज वाजवता?”

“रोज साडेसातला. तिकडे तेव्हा सहा वाजलेले असतात. ते बसमध्ये गातात, मी इथे वाजवते. ऐकू कुणालाच येत नाही.” त्या हसल्या. “शेजाऱ्यांना वाटतं, मध्ये मध्ये विसरते मी.”

मग मी पढवलेलं बोललो. कार्यक्रम छान झाला. हॉल अगदी शांत होता. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते शेवटचं माझ्या पदरचं. तुमचं नेट गेलं, फार वाईट झालं. रोझीताईंनी सगळं ऐकून घेतलं.

“सावंत, तुम्ही दारातून हाक मारलीत ना, तेव्हाच मी आवाज ओळखला.”

मी हातातली सुकेळी परत खाली ठेवली.

“नेट गेलं नव्हतं. मी सगळं बघितलं. तुमची ढोलकी सुरू झाली तेव्हा मला वाटलं, आता हे थांबणार. थांबले असते तर मीपण झाकण लावलं असतं. पण त्यांचा अंगठा दिसत होता मला. मोजत होते. मग मीपण मोजलं. आवाज ऐकायचा सोडला आणि अंगठ्याकडे बघून वाजवलं. ते बरोबर आले आणि मीपण बरोबर होते. शेवटपर्यंत वाजवलं आम्ही दोघांनी.”

“मग त्यांना सांगितलं का नाहीत?” मी विचारलं.

“कसं सांगणार? वाजवलं म्हटलं की ऐकलं आलं. ऐकलं म्हटलं की लोक हसले तेही आलं. त्यांना अजून चार-पाच वर्षं तिकडे काढायचीयत. लोक आपल्याला हसत होते आणि बायको बघत होती, हे डोक्यात घेऊन माणूस त्या खोलीत एकटा कसा राहील? म्हणून नेट गेलं म्हटलं. त्यांना नका सांगू हां.”

मी माफी मागितली. तोंडातून निघाली एकदाची. रोझीताई रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या म्हणाल्या, “सुकेळी घ्या ना, घरची आहे,” आणि निघताना मार्शलभाईंसाठी एक पुडा आणि माझ्या बायकोसाठी दुसरा असे दोन पुडे हातात दिले.

रजा संपवून मी परत आलो. पहिल्याच सकाळी बसमध्ये मार्शलभाईंनी माझ्यासाठी शेजारची जागा धरून ठेवली होती. पुडा त्यांनी नाकाशी नेला, मग पिशवीत नीट ठेवला.

“कशी आहे? बोटं?”

“बरी आहेत म्हणाल्या. बाम आवडला.”

“प्रोग्रॅमचं विचारलं?”

“हो. सांगितलं तसं सांगितलं मी. नेट गेलं होतं म्हणाल्या.”

“बरं झालं,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “मार्शलभाई, चुकलं माझं. प्रॉमिस करून मोडलं. मुद्दाम केलं मी ते, ढोलकी मीच लावायला सांगितली होती.”

“माहितीय रे मला. सोड आता. लोकांचं काय, हसतात. तिनं ऐकलं नाही ना? खलास.” त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. मी उतरलेला चेहरा करून बसलो होतो म्हणून असेल, पण ते मलाच समजावत होते. मग खिडकीकडे वळले. “एकच वाटतं, सेक्रेटरी. त्या गोंधळातसुद्धा एक बीट चुकलो नव्हतो मी. तिनं वाजवलं असतं ना, तर शेवटपर्यंत जमलं असतं आमचं.”

शेवटपर्यंत जमलं होतं. ते मला ठाऊक होतं, वसईला रोझीताईंना ठाऊक होतं, आणि ज्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं त्यालाच ते आता कधी सांगता येणार नव्हतं, कारण मला एका संध्याकाळी हशा हवा होता.

“हो,” मी म्हणालो, “जमलं असतं.”